बाळंतिणीची फाटी

माझ्या आईला तिच्या रचणीतलं प्रत्येक लाकूड ओळखू यायचं. हे मी कौतुकाने सांगत नाही. या ओळखीपायी आम्ही मायलेकी जवळजवळ दहा वर्षं एकमेकींशी धड बोललो नाही.

आमचं गाव खारबावच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आमच्याकडे सरपणाला फाटी म्हणतात. भातकापणी झाली की बायका फाटीला डोंगरावर जायच्या आणि थेट वैशाखापर्यंत जात राहायच्या, कारण पुढचे चार महिने घरात जे असेल तेवढंच. मी आठ वर्षांची असल्यापासून आईच्या मागे जात होते. पहाटे निघायचं, उन्हं तापायच्या आत मोळी बांधून खाली यायचं, आणि मोळी टाकली की चुंबळ तशीच डोक्यावर ठेवून हंडा उचलायचा. माझ्या टाळूवर अजून एक जागा आहे, तिथे केस विरळ आहेत. लग्नाच्या वेळी करवलीने त्यावर गजरा टाचला होता.

पाण्याची तऱ्हा फाटीपेक्षा वाईट. घरामागची विहीर खाडीला लागून, तिचं पाणी होळीनंतर मचूळ व्हायचं. मचूळ पाण्यात डाळ शिजत नाही. तासभर चूल जाळा, डाळ आपली वाटीत दगडासारखी. म्हणजे गोड्या विहिरीची खेप टाळली की फाटी दुप्पट जळायची. मला चौथीतच कळलं होतं की आळस कुठेही केला तरी तो शेवटी आपल्याच डोक्यावर येऊन बसतो. गोडी विहीर गावाच्या वरच्या टोकाला होती. चार हंडे म्हणजे चार खेपा, आणि तोवर शाळेची घंटा होऊन गेलेली असायची.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा ताईला दिवस गेले. तिला राहनाळला दिली होती. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. आषाढात बाळंत होणार म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. बाळंतिणीला दोन वेळ कडकडीत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, वर ओव्याची धुरी. निदान बारा दिवस चूल विझता कामा नये. आणि आषाढात आमच्या गावात कोरडी काडी मिळवणं म्हणजे बोक्याकडून दूध मागणं.

त्या वर्षी आईने पौषापासून वेगळी रचणी सुरू केली. घरच्या फाटीत काहीही चालायचं, काटक्या, झावळ्या, पांगारा. या रचणीत मात्र फक्त धावडा, ऐन, बाभूळ, ज्याचा निखारा टिकतो ते. प्रत्येक लाकूड ती स्वतः कोयत्याने तासायची आणि एका टोकाला दोन आडव्या खाचा पाडायची, म्हणजे चुकून कुणी चुलीत घालू नये. घरात त्याला बाळंतिणीची फाटी असंच म्हणायचे. आम्ही कच्च्यापक्क्या भाकऱ्या खात होतो आणि जी अजून पोटातून बाहेरही आली नव्हती तिच्यासाठी पडवीत धावडा रचला जात होता. मी चिडून म्हणायचे, मला पण परत पोटात घाल, निदान गरम खायला तरी मिळेल. आई हसायची. त्या वर्षी ती बऱ्यापैकी हसत असे.

ताई ज्येष्ठाच्या शेवटी आली. पाय सुजलेले, चेहरा पिवळा. आणि आषाढातल्या पौर्णिमेच्या उधाणाला दोन दिवसांच्या पावसाची जोड मिळाली आणि खाडी आमच्या अंगणात आली.

दुपारची वेळ होती. पाणी कुंपणाखालून आलं, मग अंगणभर झालं, मग पडवीत चढलं. शेणी विरघळून परत शेण झाल्या. घरच्या फाटीची रचणी तरंगायला लागली, आणि मग बाळंतिणीची. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून लाकडं धरत होती. दोन हातांत किती लाकडं मावणार? एक धरलं की दुसरं दाराबाहेर. मी आणि ताईने दोन भारे तेवढे माळ्यावर चढवले, ताई पोट सावरत शिडीवर उभी राहून वर देत होती. पाणी ओसरल्यावर आई चिखलात बसली आणि हातांनी जमीन बडवत रडली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी हात उगारला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

खाडीचं पाणी विहिरीतही शिरलं होतं. वर आभाळ फाटलेलं आणि घरात तोंडात घालायला पाणी नाही, अशी गंमत. पागोळ्यांखाली भांडी लावली, पण कौलांवर काजळी आणि कावळ्यांची घाण. ते पाणी भांड्यांना ठीक. प्यायला आणि बाळाला गोड्या विहिरीचंच पाहिजे. मी डोक्यावर इरलं आणि त्यावर हंडा असं चिखलातून जात-येत होते. तीनदा पडले. तिसऱ्यांदा हंडा चेपला, तर आईने आधी हंडा पाहिला आणि मग मला.

बाबा कामतघरला कापडाच्या लूमवर कामाला होते. शुक्रवारी लूमला सुट्टी, तेव्हा घरी यायचे. त्या शुक्रवारी ते गोणीभर लूमचा कचरा घेऊन आले, तेलकट कापूस आणि चिंध्या. तो भसकन पेटायचा आणि भसकन विझायचा, आणि काळा धूर असा की ताई खोकून खोकून ओकायची. आमचा भात कसाबसा त्यावर होत होता. माळ्यावरच्या दोन भाऱ्यांना मात्र हात लावायचा नाही, आईची सक्त ताकीद.

आणि त्याच आठवड्यात वरच्या आळीतला म्हातारा गेला.

आमच्या गावात मयत झालं की घरटी एक लाकूड द्यायचं. बैलगाडी आळीआळीतून फिरते, बायका दारात लाकूड घेऊन उभ्या राहतात. जे लाकूड मयताच्या नावाने उंबऱ्याबाहेर गेलं ते परत घरात येत नाही. जास्त झालं, उरलं, तरी ते मसणातच पडून राहायचं आणि पुढच्या मढ्याला लागायचं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चप्पल देवघरात नेऊ नये हे जसं माहीत असतं तसं हे माहीत होतं.

गाडीचा आवाज आला तशी आई शिडीवर चढली आणि माळ्यावरून धावड्याचं एक जाडजूड लाकूड काढलं. दोन खाचांचं. मी तिचा पदर धरला.

"पांगारा दे की. बाहेर पडलाय तो."

"त्यो वला हाय."

"मग असू दे ना. म्हाताऱ्याला आता काय थंडी वाजनार हाय?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. "मढ्याला वलं लाकूड देऊ नये. आपल्यावर बी येल येते," म्हणाली, आणि लाकूड गाडीवर ठेवून, हात जोडून आत आली. मी आतल्या आत जळत होते. बाळंतिणीच्या पाण्याचा एक अख्खा दिवस आम्ही एका मेलेल्या माणसाला देऊन टाकला होता, आणि जिवंत माणूस आत पोट धरून बसलं होतं.

दोन दिवसांनी मी खाडीवर वाहून आलेली लाकडं शोधायला गेले. उधाण ओसरलं की काठावर काही ना काही अडकलेलं असतं. आमचं मसण तिथेच, चार खांबांवर पत्रे टाकलेले. मी एरवी त्या बाजूला मान वळवत नसे. त्या दिवशी वळवली. म्हातारा आयुष्यभर वाळून काटकी झालेला, त्याला लागून लागून किती लाकूड लागणार? पत्र्याखाली कोपऱ्यात पाच-सहा लाकडं नीट कोरडी रचून ठेवली होती, आणि सगळ्यात वर आमचं. दोन आडव्या खाचा मला लांबूनच दिसल्या.

मी खूप वेळ उभी राहिले नाही. तसं सांगितलं तर बरं दिसेल, पण नाही राहिले. इकडेतिकडे पाहिलं, आमचं लाकूड उचललं, आणखी दोन उचलली, वाहून आलेल्या ओल्या फांद्यांच्या मध्ये घातली आणि मोळी बांधली. मनात म्हणत होते, आमचंच तर आहे. घरी येऊन ती तीन लाकडं माळ्यावरच्या भाऱ्यात खाली सरकवली. आई मागे येऊन कधी उभी राहिली कळलं नाही.

"कुठशी गावली?"

"उधानाची हायत."

पुढे होऊन तिने भारा सारखा केला आणि खाली उतरली. मला वाटलं, सुटले.

ताई चार दिवसांनी बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण गावातलीच, आमच्या वेळीही तीच होती. सगळं सुखरूप झालं म्हणून आईने दारात नारळ फोडला. ताईला कडकडीत पाण्याने न्हाऊ घातलं तेव्हा ती वाफेत डोळे मिटून अशी बसली होती की मला तिचा हेवा वाटला. पोरगी इवलीशी, काळ्याभोर जावळाची. आई तिला पायांवर घेऊन पाणी घालायची आणि कोपर बुडवून बुडवून पाणी बघायची. मी पाणी आणत होते आणि आई तापवत होती, आणि काही दिवस आम्ही फार सुखात होतो, हे मला सांगितलंच पाहिजे.

सातव्या दिवशी सकाळी मी हंडा उतरवून चुलीपाशी गेले. भारे संपत आले होते. आई चुलीसमोर पाठमोरी बसली होती आणि चुलीत तो धावडा होता, खाचांची बाजू बाहेर. वर ताईच्या आणि बाळाच्या पाण्याचा हंडा. सांगावं तर मार, न सांगावं तर... मी नाही सांगितलं. मनाशी म्हटलं, लाकूड म्हणजे लाकूड. पाणी तापलं, आईने नेलं, दोघींना न्हाऊ घातलं.

आठव्या दिवशी पोरगी दूध ओढेना. जबडा घट्ट बसला. संध्याकाळपर्यंत तिचं अंग ताठ व्हायला लागलं, हात लावला की कमान व्हायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भिवंडीला न्यायला बाबा आणि दाजी निघाले. गाडीरस्ता चिखलाने भरलेला. ते वाटेतूनच परत आले.

तान्ह्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिला एकही लाकूड लागलं नाही.

मी कुणाला काही सांगितलं नाही. महिनाभर मला रोज ताप यायचा, आई कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची आणि माझ्याकडे न बघता ठेवायची. मला वाटलं, हिला कळलंय. हिला खाच ओळखू आली, आणि ही मला कधीच माफ करणार नाही. त्यानंतर आई गावात कुणाच्या बाळंतघरात गेली नाही. कुणाच्या पोराला तिने न्हाऊ घातलं नाही. ताईच्या पुढच्या दोन्ही खेपा सासरी झाल्या. आईने तिला आणलंच नाही, लोक तोंडावर बोलले तरी नाही. मला प्रत्येक वेळी वाटायचं, हे सगळं ती मला दाखवण्यासाठी करते आहे. मग मीही तुटक वागायला लागले. विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं. कोयता उचलायचा, मोळी आणायची, हंडा भरायचा, आणि गप्प. अशी दहा वर्षं गेली.

पुढे शेत राहिलं नाही आणि आम्ही कामतघरला चाळीत आलो. माझं लग्नही तिथेच जवळ झालं. नव्वदीनंतरची गोष्ट. घरात रॉकेलचा स्टोव्ह, सकाळी दोन तास नळाला पाणी, भिंतीपलीकडे दिवसरात्र लूमचा खडखडाट. मला दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यात दंडाला सुई टोचताना नर्सबाई म्हणाल्या, ही घेतली नाही तर आठव्या दिवशी पोर आखडतं, धनुर्वात म्हणतात त्याला. मी खुर्चीला धरून बसले. घाण पात्याने नाळ कापली तरी होतो, असंही त्या म्हणाल्या. मला सगळं कळलं, आणि कळून काहीही झालं नाही. चुलीतून बाहेर आलेल्या त्या दोन खाचा डोळ्यांसमोर होत्या तशाच राहिल्या.

दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी आईच्या खोलीत आले. मुलगी. आईने दृष्ट काढली, घुटी उगाळली, पण न्हाऊ घालायची वेळ झाली की कंबर धरून कोपऱ्यात बसायची. शेजारच्या मावशी, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, त्यांचा नवरा आणि मुलगे सगळे लूमवर, त्याच येऊन माझं आणि बाळाचं न्हाणं उरकून जायच्या. "अम्मा, नानी का हक तो आपका है, और नहला मैं रही हूँ?" असं त्यांनी हसत विचारलं. आई म्हणाली, "कमर दुखता है."

खाला गेल्या आणि माझा बांध फुटला. ओली बाळंतीण मी, केस टॉवेलात गुंडाळलेले, आणि आईवर ओरडायला लागले. म्हटलं, किती वर्षं शिक्षा देणार आहेस मला? तेरा वर्षांची होते मी. आणलं मसणातून लाकूड. हो, मीच आणलं. घरात काही नव्हतं म्हणून आणलं. ताईची पोर माझ्यामुळे गेली असं वाटतं ना तुला? मग एकदा तोंडाने म्हण.

आई माझ्याकडे बघत राहिली. त्या दहा वर्षांत तिने माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं नव्हतं.

"मला त्याच दिशी कललं व्हतं," ती म्हणाली. "माल्यावर चढलू तवाच. खाच माझीच व्हती."

"मग लावलंस कशाला?"

"ताईला थंडी भरली व्हती. पोरीला न्हानवायचं व्हतं. बाकी समदं संपलं व्हतं. घटकाभर हातात धरून बसलू. आन मंग घातलं चुलीत." मग तळवे माझ्यापुढे धरून म्हणाली, "तू आनलंस. पन जाललं मी. तू लहान व्हतीस, मी न्हवते. म्हनून म्हन्लं, या हातांनी पुन्ना कुनाच्या लेकराच्या पान्याला हात लावायचा न्हाय. तुझ्या तर न्हायच न्हाय."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आधी राग आला, की हे तिने दहा वर्षांपूर्वी का नाही सांगितलं. मग लक्षात आलं की मी तरी कुठे सांगितलं होतं. मी सुईची, पात्याची, धनुर्वाताची गोष्ट तिला सांगितली. तिने सगळी ऐकली आणि मान डोलावली. सुनेने आणलेल्या भाजीला बरी म्हणावं तशी.

दुसऱ्या दिवशी राहनाळहून ताई आली, भाची बघायला, डिंकाचे लाडू घेऊन. खाला बाळाला न्हाणीकडे नेत होत्या ते पाहून तिने कपाळाला हात लावला.

"आये, तू का न्हाय न्हानवत?" ती म्हणाली. "माझ्या येलेला कसलं पानी काढलं व्हतंस. कडकडीत. सासरी दोनदा बालंत झालू, पन तसं पानी पुन्ना अंगावर पडलं न्हाय बघ. माझी पोर गेली. पन ते पानी ध्यानात हाय."

आई आणि मी दोघीही जमिनीकडे बघत होतो. ताईला काहीच माहीत नव्हतं, आणि तिला सांगायचं नाही हे आम्ही न बोलता ठरवलं. मग आई उठली. स्टोव्हला पंप मारला, हंडा चढवला, आणि खालांच्या हातून बाळ घेतलं. पाण्यात कोपर बुडवलं. पुन्हा बुडवलं. पाय पसरून पाटावर बसली आणि माझ्या पोरीला पायांवर घेतलं, आणि तिचे पाय इतके कापत होते की बाळही हलत होतं.

ताई चार दिवस राहिली. सहावा दिवस गेला, सातवा गेला. आठव्या दिवशी मी आणि आई आळीपाळीने बाळाच्या जबड्याला बोट लावून पाहत होतो, एकीने दुसरीला दिसणार नाही असं. नवव्या दिवशी सकाळी पोरगी जागी झाली, रडली, आणि दोन्ही मुठी माझ्या छातीवर रोवून चुरूचुरू दूध ओढायला लागली.

आई न्हाणीत गेली आणि मोठ्याने रडली. लूमच्या खडखडाटातही ऐकू येत होतं.

"आयेला काय झालं?" ताईने विचारलं.

"काय न्हाय," मी म्हणाले. "डोल्यांत धूर गेला आसंल."

ताईने स्टोव्हकडे पाहिलं. तो विझलेला होता, आणि त्या घरात चूल कधी नव्हतीच. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग उठून न्हाणीच्या दाराशी जाऊन आईची वाट बघत उभी राहिली.